घरी बसून चाकरी

"तुमचा थोरला काय करतो हल्ली?"

"घरीच आहे."

रेणापूरच्या बाजारात, एस. टी. स्टँडवर, नवरात्रात रेणुकादेवीच्या देवळापुढच्या रांगेत हे प्रश्नोत्तर गेली काही वर्षे ऐकू येते, आणि दर वेळी त्यातला तो 'च' कानाला खुपतो. वस्तुस्थिती अशी असते की, थोरला पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला आहे. ठरल्या तारखेला त्याच्या खात्यात पगार जमा होतो, आणि तो हाती पडण्यापूर्वीच त्यातून प्राप्तिकर कापला जातो. म्हणजे दिल्लीच्या सरकारला जो मनुष्य नोकरदार म्हणून चांगला ठाऊक आहे, तो त्याच्या जन्मदात्या बापाच्या लेखी मात्र 'घरीच' असतो! ऐकणारा मनात म्हणतो, नोकरी सुटलेली दिसते. सांगणाराही त्याचा गैरसमज दूर करीत नाही. कारण त्याच्याही मनात कुठेतरी तेच असते. नोकरी म्हणजे सकाळी डबा घेऊन बाहेर पडणे आणि संध्याकाळी घामेजून परत येणे. जो उंबरा ओलांडत नाही तो कसला नोकरदार?

माझा सारा राग या समजुतीवर आहे. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली, हिंजवडीच्या आणि ऐरोलीच्या कचेऱ्यांना कुलपे लागली, आणि आपली मुले-मुली लॅपटॉप काखोटीला मारून मराठवाड्यातल्या आपापल्या गावी आली. ती साथ गेली, पण घरून करायची नोकरी पूर्णपणे गेली नाही. काहींची अजून पुरती घरून चालते, काहींची आठवड्यातले दोन-तीन दिवस. या नव्या चाकरीसाठी लागते काय, असे विचारले की जो तो खुर्ची, टेबल आणि इंटरनेट अशी यादी सांगतो. यादी खोटी नाही. परंतु खुर्ची बाजारात मिळते. जे बाजारात मिळत नाही ते घराने द्यायचे असते, आणि आमची घरे ते द्यायला तयार नाहीत. मुलगा घरून नोकरी करू लागला तरी घराने स्वतःमध्ये तसूभरही बदल करायचा नाही, हा आमचा हट्ट आहे. आणि या हट्टापायी पुष्कळ चांगल्या नोकऱ्या, विशेषतः मुलींच्या, हातच्या जात आहेत.

कोणी म्हणेल, हे नवे खूळ आहे, घर म्हणजे घर आणि कचेरी म्हणजे कचेरी. असे म्हणणाऱ्याने आपल्याच आजोबांचा वाडा आठवावा. मराठवाड्यातल्या जुन्या वाड्याला ढाळज असे. दरवाजातून आत शिरले की उजव्या-डाव्या हाताला ती उंच ओटेवजा बैठक. गावचा कुलकर्णी तिथे गादीवर बसे, पुढे कलमदान, शेजारी रुमालात बांधलेली दप्तरे. साऱ्या गावाचा वसूल, साऱ्या जमिनींचा हिशेब त्या ढाळजेत होत असे. माजघरापासून ती जागा दहा पावलांवर होती. पण कुलकर्णी लिहायला बसला असता "घरीच आहात तर जरा जोंधळे दळून आणा" असे त्याला म्हणण्याची कोणाची छाती होती काय? घरात बसून चाकरी करता येते हे आपल्या पूर्वजांना इतके स्वच्छ कळत होते की, त्यांनी घर बांधतानाच तिच्यासाठी जागा सोडली. आम्ही सिमेंटची घरे बांधली, त्यांत मोटारीला जागा ठेवली, टीव्हीसाठी भिंत सजवली, आणि ढाळज काढून टाकली.

बरे, हे वतनदारांचे झाले म्हणून सोडून द्या. गरिबांकडे पाहा. सोलापुरात हजारो बायका घरी बसून विड्या वळत आल्या. तेंदूची पाने आणि तंबाखू कारखान्यातून आणायची, घरी वळायची, मोजून परत द्यायची. विडी-सिगार कामगारांचा कायदा १९६६ साली झाला, आणि त्या कायद्याने घरी बसून विडी वळणारीलाही कामगार म्हटले. संसदेला साठ वर्षांपूर्वी जे पटले ते आमच्या बैठकीच्या खोलीला अजून पटत नाही. किंवा लिज्जत पापडाचे उदाहरण घ्या. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका गच्चीवर सात बायकांनी उसन्या ऐंशी रुपयांवर हा उद्योग सुरू केला. बाई सकाळी शाखेत जाऊन मळलेले पीठ घेते, आदल्या दिवशीचे पापड देते, मजुरी घेते आणि घरी येऊन लाटायला बसते. पण पीठ देण्यापूर्वी तिच्या घरी पापड लाटायला आणि वाळवायला स्वच्छ जागा आहे की नाही, हे संस्था पाहते. जागा नसली तर त्या बाईला पीठ मळायचे किंवा पुड्या बांधायचे असे शाखेतले दुसरे काम मिळते. पापडाला जी जागा लागते हे त्या बायकांना कळले, ती लॅपटॉपला लागते हे आमच्या पदवीधरांना कळत नाही!

आता खरी मौज पुढेच आहे. तयारी म्हणजे काय, हे लातूर जिल्ह्याला दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नाही. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयातून जो 'लातूर पॅटर्न' निघाला आणि महाराष्ट्रभर गाजला, त्याचा सगळा डोलारा तयारीवरच उभा होता. सराव, पुन्हा सराव, चूक कुठे झाली ते शोधणे, आणि परत सराव. या पॅटर्नने मुलांना तर कामाला लावलेच, पण त्याहून अधिक घरांना लावले. बारावीचे पोर घरात असले की त्या वर्षी काय काय होते ते आठवा. टीव्हीची केबल काढली जाते. पाहुण्यांना फोन करून "यंदा येऊ नका" असे सांगितले जाते आणि पाहुणेही रागावत नाहीत. थोरल्या बहिणीचे लग्न मे महिन्यावर ढकलले जाते. आजोबा खोकताना तोंडावर उपरणे धरतात. रेणापूर ते लातूर हे अंतर एस. टी.ने अर्ध्या-पाऊण तासाचे. तरी तेवढाही वेळ वाया जाऊ नये म्हणून आई मुलाला घेऊन लातुरात खोली करून राहते आणि बाप दूध, भाजी, ज्वारीचे पीठ पोचवत राहतो. दोन वर्षे सारे घर श्वास रोखून असते. घरात दोनच खोल्या असल्या तरी एक खोली बारावीची होते. तिचे दार लोटलेले असले की आत जायचे नाही, हे तीन वर्षांच्या भाच्यालाही कळते.

हेच पोर आठ वर्षांनी पगार घेऊन घरी येते, आणि त्याला ती खोली मिळत नाही. तीत आता धान्याची पोती असतात. तो बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या खाली कोपरा धरून बसतो, कानाला यंत्र लावतो, आणि त्याच्या डोक्यावर आजीची मालिका चालू असते. मिटिंग ऐन रंगात आली की आतून हाक येते, "अरे, नळ आला!" आपल्याकडे नळ रोज येत नाही, जेव्हा येतो तेव्हा घरात जो असेल त्याने भरून घ्यायचे, हा नियम. मग "घरीच तर आहेस की" म्हणून गिरणी, गॅसची टाकी, काकूंना दवाखान्यात नेणे, शेतावर डिझेल पोचवणे अशी कामे त्याच्याकडे एकामागून एक चालत येतात. त्यांतले एकही काम वाईट नाही. परंतु जो मुलगा बारावीत असता आपण त्याला पाण्याचा तांब्यादेखील उचलू दिला नाही, तोच आता कमावता झाल्यावर त्याच्या कामाच्या वेळेला किंमत का नाही? याचे उत्तर कडू आहे. बारावीची तयारी घर सोडून जाण्याची असते. ज्या तयारीच्या शेवटी मूल पुण्या-मुंबईला किंवा परदेशी जाणार असते, तीच आम्हांला तयारी वाटते. राहून कमावण्याची तयारी आमच्या हिशेबातच नाही.

मुलाचे हे हाल, तर सुनेचे काय वर्णावे! लग्न जुळवताना आता एक नवी अट ऐकू येते, "मुलगी नोकरी करणारी चालेल, पण घरून करणारी असावी." वरकरणी मोठी पुढारलेली अट. खोलात गेले की कळते, पगार तर यावा आणि भाकरीही तव्यावरून गरम गरम पानात पडावी, अशी ही दुहेरी सोय आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर लोकांच्या दिवसाच्या वेळेचा हिशेब मांडला. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ जात होता, आणि जे पुरुष घरकाम करीत होते त्यांचा ९७ मिनिटांचा. पाच तास घरकाम आणि वर आठ-नऊ तासांची नोकरी, तीही स्वयंपाकघराच्या दाराशी बसून! सासूबाई वाईट असतात असे मी म्हणत नाही. त्या स्वतः उभा जन्म त्याच ओट्याशी राबल्या. डोळ्यांसमोर बसलेली सून आणि करपणारी भाजी यांतले नाते त्यांना न सांगता समजते. पण सून लातूरला बँकेत जात असती तर याच सासूबाईंनी अकरा ते सहा या वेळेत तिला भाजी हलवायला सांगितले असते काय? मग ती पडद्याआड बसली आहे एवढ्यावरून तिची बँक खोटी कशी ठरते? माझे सासूबाईंना आणि मामंजींना एवढेच विचारणे आहे की, बारावीच्या मुलाला जी खोली मिळते ती कमावत्या सुनेला का मिळू नये? आणि सुनेच्या नवऱ्याला तर मला काही विचारायचेच नाही. त्याने दळण आणावे आणि नळ भरावा.

खोलीचे हे प्रकरण मी उगाच ताणत नाही. घरून काम करण्याचा जगातला सर्वांत गाजलेला प्रयोग चीनमधल्या शांघाय शहरात सीट्रिप नावाच्या प्रवास-कंपनीत २०१०-११ साली नऊ महिने झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी यांनी तो तपासला. फोनवर आरक्षण करून देणाऱ्या नोकरांपैकी जे स्वखुशीने पुढे आले त्यांतल्या निम्म्यांना चार दिवस घरी आणि एक दिवस कचेरीत असे काम दिले. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले, नोकरी सोडून जाणारे निम्म्यावर आले. हा आकडा आमच्याकडची मुले मोठ्या उत्साहाने सांगतात. पण पुढचे सांगत नाहीत. या प्रयोगात शिरकाव कोणाला होता? ज्याला कंपनीत सहा महिने झाले आहेत, ज्याच्या घरी चांगले इंटरनेट आहे, आणि ज्याला घरी काम करायला स्वतःची वेगळी खोली आहे, त्यालाच. खोली नाही, तर प्रयोगात नाव नाही. शांघायच्या त्या प्रयोगाची पहिली अट आणि लिज्जतच्या बायकांची पहिली अट एकच निघावी, यात मला मोठा अर्थ दिसतो. आणखी एक गोष्ट. प्रयोग संपल्यावर पुन्हा निवड करायला सांगितले, तेव्हा घरून काम केलेल्यांतले सुमारे निम्मे लोक कचेरीत परत गेले. एकटे वाटते, असे कित्येकांचे म्हणणे पडले. शिवाय चांगले काम करूनही घरी बसणाऱ्यांना त्या मानाने बढत्या कमी मिळाल्या. डोळ्यांआड गेलेला नोकर साहेबाच्या मनाआडही जातो.

म्हणून आता तरुणांचाही कान धरला पाहिजे. सगळा दोष घरच्यांच्या पदरात टाकून हे लोक मोकळे होतात, ते मला मान्य नाही. दहाला काम सुरू व्हायचे आणि हा पावणेदहाला उठतो. पांघरुणातच लॅपटॉप उघडतो. दुपारी जेवून लवंडतो आणि रात्री अकराला राहिलेले काम काढतो; मग घरच्यांनी त्याच्या कामाची वेळ कोणती समजावी? ज्याला स्वतःलाच आपली कचेरी कधी उघडते आणि कधी मिटते हे ठाऊक नाही, त्याने घराकडून शिस्तीची अपेक्षा करू नये. अंघोळ करून, अंगात धड सदरा घालून, ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी बसावे आणि ठरलेल्या वेळी उठावे. पंधरा दिवस हे केले की घर आपोआप समजते. काहींची याहून वाईट खोड असते. कचेरीला सांगायचे "गावात लाइट गेली" आणि घरच्यांना सांगायचे "कचेरीचे काम आहे", आणि दोन्हीकडून सुटी घेऊन मित्राच्या हॉटेलात चहा पीत बसायचे. असला एक मनुष्य त्याच्यामागून येणाऱ्या दहा जणांचे नुकसान करतो. कारण पुढे खरोखरच लाइट जाते, तेव्हा पुण्याचा साहेब कोणाचेच ऐकत नाही.

आणि लाइट खरोखर जाते. वळवाचा पाऊस आला, की तारा तुटतात. रस्त्याच्या कामाला जेसीबी लागला, की जमिनीतली केबल तुटते. हे माहीत असून जो तयारी करीत नाही त्याला काय म्हणावे? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून 'जलदूत' रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ते आपण विसरलेलो नाही. आठ-आठ दिवसांचे पाणी टाक्यांत, घागरींत, पिंपांत साठवून संसार चालवणारी ही माणसे. त्यांना चार तासांची वीज साठवणे अवघड का वाटावे? घरात इन्व्हर्टर असतो, त्यावर पंखा आणि टीव्ही चालतो, पण इंटरनेटचा डबा त्याला जोडलेला नसतो! त्या डब्यासाठी छोटी वेगळी बॅटरीही मिळते. केबल एका कंपनीची असेल तर मोबाइलचे सिम दुसऱ्या कंपनीचे ठेवावे, म्हणजे एक बुडाली तरी दुसरी तारते. कोणत्या सिमला घराच्या कोणत्या खोलीत रेंज येते ते आधी पाहून ठेवावे. ऐन मिटिंगला गच्चीवर धावू नये. आणि पॅटर्नचे विद्यार्थी आहात, तर सराव परीक्षा घ्या. सुटीच्या दिवशी घरचा मेन स्विच तासभर बंद करा आणि काम चालते का ते बघा. जे अडेल ते लिहून काढा. नोकरी लागण्यापूर्वी अशी एक तालीम केलेला मुलगा मला अजून भेटायचा आहे.

सामानाचे हे एवढे पुरे. याहून मोठी उणीव दुसरीच आहे, आणि तिचा दोष मी पॅटर्नलाच देतो. आमचा विद्यार्थी चार पर्यायांतला बरोबर पर्याय ओळखून गोल काळा करण्यात कोणाला हार जात नाही. पण त्याला दहा ओळींचे पत्र लिहिता येत नाही. मराठीतही नाही, इंग्रजीतही नाही. कचेरीत बसणाऱ्याचे यावाचून निभते. तो साहेबाच्या टेबलाशी जाऊन हातवारे करून समजावून सांगतो. घरून काम करणाऱ्याला मात्र त्याचे लिहिणे हेच त्याचे तोंड. आज काय केले, काय राहिले, कुठे अडले, कोणाकडून काय हवे आणि कधीपर्यंत हवे, हे पाच-सात ओळींत स्वच्छ लिहिता आले पाहिजे, तेही कोणी विचारण्यापूर्वी. आपल्या इतिहासात या विद्येला केवढा मान होता! पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे निजामाच्या दरबारात राहून पुण्याची चाकरी करीत. आपला हा मुलूख तेव्हा निजामाकडचा. धनी पुण्यात, चाकर हैदराबादेत, मध्ये जासूद आणि थैली. दरबारात कोण आले, कोण काय बोलले, त्यात खरे किती, हे सारे पत्रात उतरवायचे आणि त्यावर पुण्याने राजकारण ठरवायचे. पत्र गुळमुळीत असते तर तो वकील महिनाभर टिकला नसता. आमच्या मुलाचे साहेबाला गेलेले पत्र कसे असते? "सर, इश्यू येतोय." कसला इश्यू? कुठे? कधीपासून? जासूद पुन्हा फेरी मारणार, आणि तोवर दिवस मावळणार.

मालकांबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत. घरून काम करणाऱ्या नोकरामुळे कंपनीचे जागेचे भाडे वाचते, विजेचे बिल वाचते, चहादेखील वाचतो. हे सारे गेले कुठे? नोकराच्या घरी. तेव्हा नोकरी पत्करतानाच विचारावे, लॅपटॉप कोणाचा, इंटरनेटचे बिल कोण देणार, तास कोणते, कचेरीत किती वेळा यावे लागेल आणि त्या प्रवासाचा खर्च कोणाचा. आणि 'घरून काम' हे शब्द नेमणुकीच्या पत्रात आहेत की नुसते तोंडी आहेत, हे डोळे उघडे ठेवून पाहावे. तोंडच्या शब्दावर विसंबून गावात खोली बांधू नये, की बैलजोडी विकून इन्व्हर्टर घेऊ नये. टाटा कन्सल्टन्सीसारख्या मातबर कंपनीने २०२० साली जाहीर केले होते की, २०२५ पर्यंत एका वेळी चौथा हिस्सा नोकर कचेरीत असले तरी पुरेल. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत बोलावले. कंपनीने आपला विचार बदलला. तो तिचा अधिकार. सरकारने तरी आपल्याकडून अडथळे काढले. कॉल सेंटरच्या नोकराने घरून फोन घ्यायचा तर पूर्वी परवानगी आणि बँकेची हमी अशा अटी असत. दूरसंचार खात्याने नोव्हेंबर २०२० मध्ये त्या उठवल्या. पण नोकराच्या रात्रीचे रक्षण सरकारनेही केलेले नाही. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा रेणापुरात दिवेलागण झालेली असते. फ्रान्सने २०१७ पासून कामाची वेळ संपल्यावर संपर्क तोडण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी तसे खाजगी विधेयक २०१८ साली लोकसभेत मांडले. ते विधेयकच राहिले. तोवर ज्याने त्याने आपली वेळ आपणच राखावी. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लॅपटॉप उघडावा लागणार असेल तर ते महिनाभर आधी कळवून बदली दिवस मागून घ्यावा. ऐन वेळी आईचे तोंड आणि साहेबाचे तोंड अशा दोन्ही तोंडांकडे पाहत बसू नये. राहता राहिले ते 'घरबसल्या हजारो कमवा' म्हणून नोंदणीचे पैसे मागणारे. जो आधी पैसे मागतो तो मालक नसतो, एवढे सांगून मी पुढे जातो.

माझ्यावर एक आक्षेप येईल, तो मीच सांगतो. पोरांनी गावातच बसावे, जग पाहूच नये, असे तुमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. शिकाऊ मुलाने पहिली एक-दोन वर्षे कचेरीतच काढावीत असे मला वाटते. सुताराचा पोर सुताराशेजारी बसूनच रंधा धरायला शिकतो. शांघायच्या कंपनीने सहा महिन्यांची अट घातली ती काही उगाच नव्हे. त्यानंतरही अधूनमधून रात्रीची बस धरून पुण्याला जावे, माणसांत बसावे, साहेबाला तोंड दाखवावे. त्याच शांघायच्या कंपनीत पुढे सोळाशेंहून अधिक नोकरांवर दुसरा प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याचे दोन दिवस घरी आणि बाकी कचेरीत अशी वाटणी केली, तेव्हा नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले आणि बढत्यांवर परिणाम झाला नाही. रेणापूरहून पुण्याला आठवड्याला तीन दिवस जाणे शक्य नाही हे मलाही कळते. पण महिन्यातून एक आठवडा जाता येते, आणि तसे ठरवून घेता येते. जे शिकून, अनुभव घेऊन, हातात कसब घेऊन परत येऊ इच्छितात, ज्यांचे आईबाप थकले आहेत, ज्या मुलींची नोकरी लग्नानंतर सुटू घातली आहे, त्यांच्यासाठी मी बोलतो आहे. त्यांच्या पगारातला काही भाग आज हिंजवडीच्या घरमालकाला जातो. तो रेणापूरच्या किराणा दुकानात आणि गवंड्याच्या हाती पडला तर कोणाचे नुकसान आहे?

ज्या घरांना खोली देणे खरोखरच शक्य नाही, अशीही घरे आहेत. दोन खोल्या आणि सात माणसे. तिथे उपदेश करणे हा निर्लज्जपणा होईल. त्यांच्यासाठी गावाने ढाळज बांधावी. तालुक्याच्या गावांतून स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका चालतात. जायच्या तयारीसाठी आम्ही तिथेही टेबल-खुर्च्या मांडल्या आहेत. रेणापूरच्या नगरपंचायतीने तशीच एक खोली नोकरी करणाऱ्यांसाठी काढावी. आठ टेबले, मध्ये प्लायवुडचे आडोसे, म्हणजे एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानात जाणार नाही. दोन कंपन्यांची इंटरनेट जोडणी, एक मोठी बॅटरी, पिण्याचे पाणी, बायकांसाठी वेगळे स्वच्छतागृह, आणि रात्री दहापर्यंत उघडे ठेवणारा एक शिपाई. बसणाऱ्यांकडून महिन्याचे भाडे घ्यावे. फुकट देऊ नये, कारण फुकटच्या जागेत गप्पांचा फड जमतो. भाडे किती असावे आणि चौथ्या शनिवारी खोली उघडी ठेवावी की बंद, हे ठरवायला एक सभा पुरेल, आणि ती दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात, मुले घरी आहेत तोवर घेतली तर त्यांनाही बोलता येईल.